शून्य मागणी

एक भिंत डोळ्यांपुढे आणा. चांगली उंच, विटांची, वरून पांढरा रंग दिलेली. भिंतीच्या एका बाजूला मोठे सरकारी इस्पितळ आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या इस्पितळाचे धुलाईघर. तिकडच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे गाठोडी बांधून भिंतीतल्या एका खिडकीतून इकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी घड्या होऊन त्याच खिडकीतून परत जातात. आणलीत भिंत? आता धुलाईघराच्या आत या. जरा सांभाळून. जमीन ओली आहे आणि साबणाच्या पाण्यावरून भली मोठी माणसेसुद्धा घसरतात.

आत वाफ इतकी की समोरच्या माणसाचा चेहरा धूसर दिसतो. टोकाला दोन लोखंडी रूळ आहेत, एकावर एक ठेवलेले, आतून वाफेने तापलेले. ओली चादर एका बाजूने त्यांच्यामध्ये सरकवायची, की दुसऱ्या बाजूने ती कोरडी आणि पापडासारखी सपाट होऊन बाहेर पडते. चादर आत देणाऱ्या बाईचे काम सगळ्यात अवघड. कोपरे ताणून धरायचे आणि रुळाने कापड पकडले की त्याच क्षणी बोटे सोडायची. आधी सोडली तर चुणी पडते. उशिरा सोडली तर चुणीचा विचार करायला कुणाला सवड राहत नाही.

ती बाई म्हणजे मुंगीची आई.

मुंगी दहा वर्षांची होती. शाळेच्या पटावर नाव वेगळे होते, पण ती जेव्हा बघावे तेव्हा काहीतरी उचलून नेत असायची. कधी दप्तर, कधी बादली, कधी कुणाचे तरी तान्हे मूल. म्हणून गल्लीने तिला मुंगी करून टाकले. वडील ती तीन वर्षांची असतानाच वारले होते. घरात या दोघीच.

धुलाईघरामागे बासष्ट घरांची एक गल्ली होती आणि सगळी घरे धुलाईघरात कामाला होती. त्यांचे पणजोबा कधीकाळी दुरून इथे कामाला आले आणि येताना आपली भाषा घेऊन आले. मूळ गावी ती भाषा केव्हाच पुसली गेली. आता ती फक्त या गल्लीत बोलली जायची. शहराची भाषा मुले आता कुठे शाळेत शिकू लागली होती. मोठ्यांना ती येत नव्हती आणि त्यावाचून फारसे अडतही नव्हते, कारण चादरीशी कुठल्याच भाषेत बोलावे लागत नाही.

या गल्लीची एक रीत होती. ती नीट समजून घ्या, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. तिथे कुणीही स्वतःसाठी काही मागत नसे. कधीच नाही. प्रत्येक घराने आपल्या उजवीकडच्या घराकडे लक्ष ठेवायचे आणि त्या घरासाठी मागायचे. कुणाचे मीठ संपले, की त्याच्या डावीकडची शेजारीण उठून चार घरे पुढे जाई आणि सांगे, आमच्या उजवीकडे मीठ संपलंय. कुणाला रजा हवी असली, की शेजारचा माणूस मुकादमापुढे उभा राही. गल्ली वळून पुन्हा तोंडाशी येत होती, त्यामुळे बासष्टाव्या घराच्या उजवीकडे पहिले घर यायचे. कुणी सुटत नव्हते. आपल्या तोंडाने आपल्यासाठी मागणे म्हणजे मात्र चारचौघांत कपडे काढण्यासारखे. एका माणसाने तरुणपणी एकदाच मुकादमाकडे स्वतःसाठी उबदार कोट मागितला होता. त्याचे नाव हावऱ्या पडले आणि मरेपर्यंत सुटले नाही. त्याच्या नातवंडांना अजून हावऱ्याची नातवंडे म्हणत.

तुम्हाला वाटेल, काय छान रीत आहे. गल्लीपुरती ती छानच होती.

मग सरकारने एक करार स्वीकारला. करार म्हणजे पुष्कळ देशांनी एकत्र बसून एकमेकांना दिलेला शब्द. शब्द असा होता की ज्या भाषा थोड्याच लोकांच्या तोंडी उरल्या आहेत त्या आम्ही मरू देणार नाही. आपल्या देशाने सही केली, वर्तमानपत्रात पेन हातात धरलेल्या मंत्र्यांचा फोटो आला आणि पंधरा दिवसांनी भाषा खात्याचे एक साहेब फॉर्मचा गठ्ठा घेऊन शहरात उतरले.

कराराप्रमाणे गल्लीला तीन गोष्टी मिळू शकत होत्या. कचेरीत त्यांची भाषा जाणणाऱ्या माणसाची एक खिडकी, शाळेत त्या भाषेचा एक तास आणि इस्पितळात एक दुभाषी, म्हणजे रोग्याचे डॉक्टरला आणि डॉक्टरचे रोग्याला सांगणारा माणूस. अट एवढीच, की बासष्टपैकी निदान वीस घरांनी हे आम्हाला हवे आहे असे सांगायला पाहिजे. ज्याला नको त्याच्यावर लादायचे नाही, असा त्यामागे चांगला विचार होता.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांचा आवाज मऊ होता आणि दारात बूट काढायची त्यांना आठवण राहायची. त्यांना दोन्ही भाषा येणारे कुणीतरी हवे होते, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी मुंगीला पुढे केले, कारण तिचे वाचन सगळ्यांत चांगले होते. साहेबांनी तिच्या फ्रॉकला खात्याचा बिल्ला लावला आणि तिला काम समजावले. मी विचारेन ते जसंच्या तसं सांगायचं, आणि ते सांगतील ते जसंच्या तसं मला. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. मुंगीला हे फार आवडले. आठवडाभर शाळेला सुट्टी आणि वर मोठ्या माणसाचे काम.

सोमवारी सकाळी पहिले घर बंबवाल्याचे. साहेबांनी त्याच्या बायकोला विचारले, कचेरीत तुमच्या भाषेची खिडकी हवी का? ती हात पुसत म्हणाली, "मला कशाला बाई? माझं चाललंय. उजवीकडचीला मात्र पाहिजे. परवा तिला कचेरीतून तीनदा परत पाठवली."

मुंगीने जसेच्या तसे सांगितले. साहेबांनी विचारले, म्हणजे हिला स्वतःला नको? नको, मुंगी म्हणाली. साहेबांनी 'नाही' च्या रकान्यात खूण केली.

उजवीकडची बाई म्हणाली, छे, तिचं काहीतरीच, माझं काय अडलंय? पण माझ्या उजवीकडे नक्की विचारा, त्यांचा मुलगा शाळेत नुसता बाकाकडे बघत बसतो. खूण 'नाही' च्या रकान्यात. त्या मुलाचा बाप म्हणाला, आमचा पोरगा निभावून नेईल, पण पुढच्या घरातल्या म्हाताऱ्याला इस्पितळात कुणी समजून घेत नाही. पुन्हा 'नाही'. आणि पुढच्या घरातला म्हातारा खाटेवर उठून बसला, आपल्याला काही झालेलंच नाही असा दमदार चेहरा केला आणि आपल्या उजवीकडे बोट दाखवले. दुपारपर्यंत चौदा घरे झाली. साहेब कौतुकाने म्हणाले, "तुमच्या गल्लीत सगळी सुखी माणसं दिसतात."

 रात्री मुंगीने मनातल्या मनात चौदा घरे पुन्हा चालून पाहिली. प्रत्येकाने मागितले होते. फॉर्मवर एकाचेही नव्हते.

मंगळवारी दुपारी डबा खाताना तिने धीर करून साहेबांना सांगितले, की आमच्यात असे असते, उजवीकडच्या घरासाठी मागतात, स्वतःसाठी नाही. साहेब डबा बाजूला ठेवून ऐकत राहिले. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि दोन पाने भरभरून लिहिली. फार सुंदर, फार दुर्मिळ, असे ते दोनदा म्हणाले. गल्ली वळते कशी, हावऱ्या कोण, सगळे त्यांनी विचारून घेतले. मुंगीला वाटले, झाले काम. ती म्हणाली, "मग आता ते 'हो' धरायचं ना?"

"अगं, रकाने करारात ठरलेत. ज्याला हवं त्यानेच स्वतः म्हणायला पाहिजे. मी मनाने भरले तर अख्खा गठ्ठा बाद होईल." आणि त्यांनी तिला आपल्या डब्यातला मोठा घास दिला.

नेमके त्याच वेळी धुलाईघरात मुंगीच्या आईने रुळापाशी बोटे सोडायला उशीर केला. उजव्या हाताची तीन बोटे पेरापर्यंत आत गेली. रूळ थांबवून हात काढेपर्यंत कातडी भाजली होती आणि हाडे चेपली होती.

मुंगीच्या घराच्या डावीकडे घडीमावशी राहायची. ती धुलाईघरात घड्या घालायची आणि रीतीप्रमाणे मुंगीच्या आईसाठी मागणे हे तिचे काम होते. ते तिने चोख केले. आईला धरून ती भिंतीपलीकडे इस्पितळात गेली, नर्सपुढे उभी राहिली आणि सगळे सांगितले. कसे झाले, किती दुखते, या बाईचे पोट या हातावर आहे, हात वाचवा. गल्लीच्या भाषेत ते इतके सुरेख मागणे होते की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. नर्सला त्यातले अक्षर कळले नाही. तिने हात धुतला, मलम लावले, पट्टी बांधली, गोळ्यांची पुडी दिली आणि काहीतरी सांगितले. दोघी नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा तिने तेच एका कागदावर लिहून दिले. घाईत होती तरी लिहून दिले, हे लक्षात ठेवा.

कागद घडीमावशीने आपल्याजवळ ठेवला. आईने तो मुंगीला दाखवणे म्हणजे स्वतःसाठी मागणे झाले असते. दाखवायचा तो मावशीनेच. पण मावशीची पाळी दुपारपासून रात्री नऊपर्यंत, आणि सकाळी मावशी पाण्याच्या रांगेत असतानाच मुंगी साहेबांबरोबर बाहेर पडे ती संध्याकाळीच येई. मावशी परतायची तोवर मुंगी झोपलेली असे. मावशीने तो कागद गल्लीतल्या दोन मुलांना दाखवून पाहिला. ते घाईचे अक्षर त्यांना लागेना. लागत नाही हे कबूल कोण करणार? एकजण म्हणाला, गोळ्या घ्या असं लिहिलंय. मावशीचे समाधान झाले. आई दुखले की एक गोळी घ्यायची.

मंगळवारी संध्याकाळी मुंगीने पट्टी पाहिली आणि विचारले. आई म्हणाली, रुळाने चटका दिला, होईल बरं. मुंगीच्या डोक्यात तेव्हा फॉर्म होता. ती गल्लीभर फिरली आणि ज्यांची घरे अजून राहिली होती त्यांना सांगत सुटली, की फक्त 'हो, मला हवं' म्हणा, नाहीतर काहीच मिळणार नाही. लोक आधी हसले, मग चिडले. साबण कापणारे आजोबा तिला म्हणाले, "साहेबाने बिल्ला काय दिला, आता आम्हाला भीक मागायला शिकवतेस होय?" दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडली तर पोरे पायरीवर बसून एका सुरात हावरी, हावरी करत होती. आईच्या कानावर गेले तेव्हा आई ओरडली नाही. असं शिकवलं का मी तुला, एवढेच म्हणाली, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागले.

गुरुवारी साहेब मुंगीच्या स्वतःच्या दारात आले.

आई दारात उभी राहिली ती उजवा हात पाठीमागे घेऊन. पट्टी कडेने पिवळी पडली होती आणि मनगट फुगले होते. मुंगीला ते बाजूने दिसत होते. साहेबांनी पहिले दोन प्रश्न विचारले, पहिली दोन उत्तरे आली, दोन खुणा झाल्या. मग साहेबांनी तिसरा प्रश्न विचारला. इस्पितळात तुम्हाला तुमच्या भाषेचा दुभाषी हवा आहे का?

मुंगीने तो आईला सांगितला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. आईनेही तिच्याकडे पाहिले. बाजूच्या दारातून दोन बायका ऐकत होत्या.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "उजवीकडचीला मिळू दे म्हणावं. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखतात."

मुंगीने श्वास घेतला. 'हो' हा शब्द किती लहान असतो पाहा. पण आईची नजर तिच्यावर होती आणि साहेबांचे पेन वाट पाहत होते. "नाही म्हणते," मुंगी म्हणाली. "उजवीकडच्या काकूंना हवा म्हणते."

खूण झाली. निघताना साहेबांना आईचा खांदा तिरका दिसला आणि त्यांनी विचारले, हाताला काही लागलंय का? मुंगीने विचारले. आई म्हणाली, काही नाही. काही नाही म्हणते, मुंगी म्हणाली. काळजी घ्या म्हणावं, असे सांगून साहेब उजवीकडच्या दाराकडे वळले. तिथली बाई खोकत बाहेर आली आणि म्हणाली, मला नको.

शुक्रवारी बासष्टावे घर झाले. बासष्ट घरांनी मागितले होते आणि फॉर्मवरची मागणी शून्य होती.

रविवारी सकाळी नगरभवनात समारंभ होता. करार स्वीकारल्याचा आनंद सगळ्या शहरांनी साजरा करावा असा वरून हुकूम होता. शनिवारचा पूर्ण दिवस मुंगी तिथे तालमीसाठी अडकली, कारण तिला व्यासपीठावर आपल्या भाषेत एक वाक्य म्हणायचे होते. मोठ्या बाईंनी तिच्याकडून ते सोळा वेळा म्हणून घेतले. बाईंना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण उच्चार अजून गोड हवा असे त्यांचे मत होते. त्या संध्याकाळी आई लवकर झोपलेली दिसली. मुंगीने तिच्या कपाळाला हात लावला तर गरम लागले. कामाने अंग तापतं, आई डोळे न उघडताच म्हणाली.

समारंभाला खुर्च्या भरल्या होत्या. साहेबांनी भाषणात गल्लीचे खूप कौतुक केले. मग त्यांनी ती रीत सांगितली. बंबवाल्याची बायको, तिच्या उजवीकडची बाई, खाटेवर ताठ बसलेला म्हातारा, हावऱ्याचा कोट, सगळे रंगवून सांगितले आणि सभागृह हसून हसून लोटपोट झाले, मग कितीतरी वेळ टाळ्या वाजल्या. असा ठेवा जपणं हेच या कराराचं ध्येय आहे, साहेब म्हणाले. पाहणीत एकाही घराने अडचण सांगितलेली नाही, यावरून ही भाषा बोलणारे समाधानी आहेत हे दिसतं, असेही म्हणाले. शेवटी मुंगीला पुढे बोलावले. तिने वाक्य म्हटले. तिला रंगीत कडेचे प्रमाणपत्र मिळाले.

तेवढ्यात दारात गडबड झाली. घडीमावशी रखवालदाराला ढकलून आत आली होती, धुलाईघराच्या कपड्यांत, ओल्या पायांनी. काही लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि ते पुन्हा हसले. मावशी सरळ मुंगीपाशी आली. आई सकाळी मोरीत पडली, उठेना, चौघांनी उचलून इस्पितळात नेली, तिथे काय चाललंय ते कळत नाही, चल. आणि तिने तो कागद मुंगीच्या हातात दिला.

मुंगीने उभ्या उभ्या वाचला. गोळ्या दिवसातून तीन वेळा, सात दिवस, चुकवू नका. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला नक्की या. ताप आला किंवा सूज चढली तर ताबडतोब या. त्या दिवशी सहावा दिवस होता.

ती धावत साहेबांकडे गेली. आज जे भाषेसाठी आलेत त्यांच्यात एखादा दुभाषी असेल तर द्या, फक्त आजच्यापुरता, आईला इस्पितळात नेलंय. साहेबांचा चेहरा खरोखर पडला. त्यांनी फाईल उघडली, बंद केली.

"तुमच्या गल्लीची मागणी शून्य आहे गं. माझ्या हातात काही नाही." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि तू आहेस ना. तुझ्यासारखा दुभाषी कुठे मिळणार?"

इस्पितळातल्या खाटेवर जी चादर होती ती बहुतेक आईनेच रुळातून काढलेली असणार. आई शुद्धीवर होती. ओठ कोरडे, डोळे चकाकणारे. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता आणि त्याचा वास येत होता. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी एकटीच कण्हत पडली होती.

डॉक्टरबाई आल्या. दोन रात्री झोपल्या नसाव्यात असा त्यांचा चेहरा होता. नात्यातलं मोठं माणूस कोण आहे, त्यांनी विचारले. कुणी नाही हे कळल्यावर त्या मुंगीपाशी खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "बाळ, तुझ्या आईचा हात कोपराच्या वरून काढावा लागेल. विष चढतंय. तासाभरात काढला नाही तर ती वाचणार नाही. तिला हे सांग. ती हो म्हणाली की या कागदावर तिचा अंगठा घ्यायचा."

मुंगीने सांगितले. दहा वर्षांच्या मुलीने आईला, तुझा हात कापणार आणि नाही कापला तर तू मरणार, हे एका दमात सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले. तिने एकदा हाताकडे पाहिले. मग मान वळवून पलीकडच्या खाटेकडे पाहिले.

"त्या म्हातारीचं आधी बघा म्हणावं," आई म्हणाली. "सकाळपासून कण्हतेय बिचारी."

मुंगीने ते डॉक्टरबाईंना सांगितले. त्यांचं बघतील, मला हिचं उत्तर हवंय, डॉक्टरबाई म्हणाल्या. तेव्हा घडीमावशी पुढे झाली. तिने डॉक्टरबाईंची बाही धरली आणि मागितले. हात घ्या, पण हिला ठेवा, पोरीला दुसरं कुणी नाही. मुंगीने शब्द न् शब्द पोचवला. या कोण, डॉक्टरबाईंनी विचारले. शेजारच्या. नात्यातल्या? नाही. मग चालत नाही.

"पण आमच्यात मावशीच मागते आईसाठी," मुंगी म्हणाली. "आई स्वतः नाही मागणार."

"कायद्यात तसं नाही गं. तिचा हात, तिनेच हो म्हणायला पाहिजे. विचार पुन्हा. वेळ नाही आपल्याकडे."

मुंगीने पुन्हा विचारले. मग विनवले. आई, एकदाच म्हण, मला जगायचंय म्हण, इथे गल्लीतलं कुणी ऐकत नाही, मावशी कुणाला सांगणार नाही. मावशीनेही कानांवर हात ठेवून दाखवले. आईचे ओठ हलले. तिला म्हणायचे होते, हे मुंगीला दिसत होते. सगळे आयुष्य एक दार आतून लावून घेतलेले असले की ते ऐनवेळी उघडत नाही. आईच्या गळ्याची शीर ताठ झाली, डोळ्यांतून पाणी आले, आणि शेवटी तिच्या तोंडून जे बाहेर पडले ते असे, "त्या म्हातारीला निदान पाणी तरी द्यायला सांग."

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिले. "काय म्हणाली?"

मुंगी त्यांच्याकडे वळली.

"हो म्हणाली. माझा हात काढा म्हणाली. मला जगायचंय म्हणाली."

"नक्की?"

"नक्की."

मग ती आईकडे वळली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "डॉक्टरबाई त्या आजींकडे आधी जाणार आहेत. त्यासाठी तुझा अंगठा लागतो."

आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. घडीमावशीला आपल्या भाषेतले तेवढेच कळले होते. किती मोठं मन हिचं, ती म्हणाली. आईने आपण होऊन डावा हात पुढे केला. मुंगीने तो दोन्ही हातांत धरला, अंगठा शाईच्या गादीवर नीट घोळवला, कागदावर टेकवला आणि ठसा पुरा उमटेपर्यंत दाबून धरला.